अक्षय भाता आणि लोहाराचा भाता

तलवार किती वार केल्यावर बोथट व्हावी, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतो असे म्हटले तर मराठीच्या प्राध्यापकवर्गापैकी अनेकांना ते हास्यास्पद वाटेल. परंतु संगणकावरील अद्भुतरम्य भूमिका-खेळांत, म्हणजे ज्यांत खेळणारा एखाद्या कल्पित राज्यातला योद्धा, चोर वा मांत्रिक होऊन शेकडो तास वावरतो अशा खेळांत, हा प्रश्न सतत विचारला जातो आणि त्यावर हिरिरीने वादही होतात. मूळ गेमच्या रचनेत खेळाडूंनी स्वतः केलेल्या फेरबदलांना ‘मॉड’ म्हणतात. अशा मॉडपैकी एक मोठा वर्ग केवळ शस्त्रे, चिलखते आणि हत्यारे यांची झीज कमी-जास्त करण्यासाठी लिहिला गेलेला आहे. कोणी ती निम्म्यावर आणतो, कोणी दुप्पट करतो, आणि बहुसंख्य खेळाडू ती सरळ शून्य करून टाकतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा आकडा ठरवणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, कथनाविषयीचाच एक निर्णय घेत असतो. आणि शून्याकडे जो सार्वत्रिक कल दिसतो तो कथनाला दरिद्री करणारा आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत अशा वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘मोरोविंड’ (२००२) हा त्या परंपरेतला एक मान्यवर खेळ. त्यात प्रत्येक शस्त्राला एक ‘प्रकृती’ असते, म्हणजे एक आकडा. शत्रूला जेवढी इजा झाली तिच्या ठराविक अंशाने, आणि निदान एकाने तरी, हा आकडा प्रत्येक वारासरशी उतरतो. आकडा उतरला की शस्त्राची मारकशक्तीही त्याच प्रमाणात उतरते. शून्यावर आले की ते हातातून गळते आणि दुरुस्त होईपर्यंत निरुपयोगी राहते. दुरुस्ती स्वतः हातोडी घेऊन करावी, नाहीतर गावातल्या लोहाराला मोहरा मोजाव्यात. तो ‘ठराविक अंश’ म्हणजे खेळाच्या पोटात लिहून ठेवलेला एक गुणक आहे. संगणकासाठीच्या आवृत्तीबरोबर निर्मात्यांनी खेळ घडवण्याचे साधनही दिलेले असल्याने तो गुणक कोणालाही बदलता येत असे. सगळा वाद या गुणकाभोवतीचा.

याआधी ‘डायब्लो’मध्ये (१९९६) गावातला ग्रिसवोल्ड नावाचा लोहार शस्त्रे नीट करून देत असे. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) या खेळात तर झीज हीच कथावस्तू होती. एका खाणीतले लोखंड गुप्तपणे नासवले जाते, त्यामुळे सगळ्या मुलखात तलवारी ऐन लढाईत तुटू लागतात, आणि त्यामागे लोखंडाचे भाव चढवून युद्ध पेटवू पाहणारी एक व्यापारी टोळी असते. (त्या खाणीच्या गावाचे नाव नॅशकेल. नाशिककर वाचकाला क्षणभर गंमत वाटते, त्यापलीकडे या नामसादृश्याला अर्थ नाही.) खेळणाऱ्याच्या हातातली तलवार तुटते तेव्हा त्याला केवळ नवी तलवार हवी असते असे नाही, आपण कोणत्या जगात आहोत हे त्याला त्या तुटण्यातून कळते. झिजेचा इतका अर्थपूर्ण उपयोग पुढे फार थोड्या खेळांनी केला.

कारण पुढची वाटचाल उलट दिशेची आहे. ‘मोरोविंड’च्याच मालिकेतल्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) झीज होती. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) ती काढून टाकण्यात आली. तिथे सहाण आहे, ऐरण आहे, भट्टी आहे. पण सहाणेवर शस्त्र नेले की ते फक्त वरच्या दर्जाला चढते आणि तिथेच राहते. उतार नाही. ‘फॉलआउट’ मालिकेत २००८ आणि २०१० मध्ये बंदुका झिजत होत्या. २०१५ च्या खेळात बंदुकांची झीज गेली. म्हणजे मॉड लिहिणाऱ्यांनी जे घरगुती पातळीवर केले तेच निर्मात्यांनी अधिकृत केले. अर्थात याला विरोध करणारेही मॉडकारच निघाले. ‘स्कायरिम’मध्ये झीज पुन्हा आणणारी मॉड लिहिली गेली, आणि त्यांतल्या काहींत सहाणेवर चढवलेला दर्जा वापराने उतरत जातो.

झीज काढून टाकणाऱ्यांची तक्रार खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बहुतेक खेळांत झीज ही निव्वळ कटकट असते. दर चार लढायांनी गावात परत जायचे, लोहारापुढे उभे राहायचे, एक कळ दाबायची, मोहरा द्यायच्या आणि पुन्हा निघायचे. या येरझाऱ्यांत काहीही घडत नाही. लोहार तेच एक वाक्य बोलतो. त्यातून झिजेचा आकडा किती यांत्रिक असू शकतो याचा एक विनोदी दाखला ‘डार्क सोल्स २’ (२०१४) या खेळाने दिला. त्याच्या संगणकावरील आवृत्तीत पडद्यावर दर सेकंदाला साठ चित्रे उमटत, तर जुन्या यंत्रांवर तीस. झिजेचा हिशेब या चित्रांशी बांधलेला असल्यामुळे, ज्याचे यंत्र अधिक चांगले त्याची तलवार दुप्पट वेगाने झिजू लागली. २०१५ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. पण तोवर एक गोष्ट उघड झाली होती. त्या तलवारीच्या झिजेला रणांगणाशी, शत्रूशी, धातूशी काहीच कर्तव्य नव्हते; पडद्यावरच्या चित्रांशी होते. अशी झीज गेली तर कोणाला हळहळ वाटणार?

तेव्हा माझा आग्रह झिजेच्या प्रमाणाविषयी नसून तिच्या स्थानाविषयी आहे. आणि येथे आपल्या परंपरेकडे वळणे क्रमप्राप्त ठरते, कारण झिजणाऱ्या व न झिजणाऱ्या वस्तूंचा इतका बारकाईने विचार करणारे दुसरे कथन माझ्या परिचयाचे नाही.

महाभारतात खांडवदाहाच्या प्रसंगी अग्नीच्या सांगण्यावरून वरुण अर्जुनाला गांडीव धनुष्य आणि दोन अक्षय भाते देतो. ‘अक्षय’ या विशेषणातच क्षयाची जाणीव आहे. बाकीच्यांचे भाते रिकामे होतात हे गृहीत धरल्याशिवाय हे विशेषण उच्चारताच येत नाही. वनवासात सूर्याकडून मिळालेले तांब्याचे पात्र आठवावे. अन्न कधी संपत नाही, पण द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच. त्यानंतर त्या दिवसापुरते ते पात्र रिकामे. आजच्या खेळांच्या परिभाषेत हा रोजच्या मर्यादेचा नियम झाला, आणि दुर्वासांच्या आगमनाची कथा या एका नियमाच्या फटीतूनच जन्म घेते. कर्णाला कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राकडून मिळालेली शक्ती तर एकदाच वापरायची. तो ती अर्जुनासाठी राखून ठेवतो आणि चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च करून बसतो. युद्धाचा तोल तिथे ढळतो. पांडव शोक करीत असताना कृष्णाला आनंद का होतो, हे समजायचे तर हातातल्या शस्त्राचा उरलेला वापर मोजता आला पाहिजे.

आणि शेवटी मौसलपर्व. यादवांच्या संहारानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीरांची टोळी तुटून पडते. त्याला गांडीवाला प्रत्यंचा चढवणेही जड जाते, अस्त्रे आठवत नाहीत, आणि ज्यांचे नावच अक्षय त्या भात्यांतले बाण संपतात. धनुष्याच्या टोकाने तो लुटारूंना बडवत राहतो. महाप्रस्थानाच्या वेळी अग्नी पुन्हा समोर उभा राहतो आणि धनुष्य व भाते पाण्यात, म्हणजे मूळ मालकाकडे, परत जातात. आता कल्पना करावी की कोण्या उत्साही मॉडकाराने अर्जुनाचा भाता खरोखरच अक्षय करून टाकला आहे. मौसलपर्व उरेल का? कुरुक्षेत्रावर बाण न संपणे आणि रानात साध्या चोरांपुढे ते संपणे या दोन घटनांमधल्या अंतरातच एका युगाचा अंत सांगितलेला आहे. व्यासांनी दर बाणागणिक हिशेब ठेवला नाही. हजारो श्लोक त्यांनी झीज स्थगित ठेवली आणि जिथे ती सगळ्यात जास्त बोलेल तिथे एकदम वसूल केली.

जपानी खेळांत याचा एक पुसट प्रतिध्वनी सापडतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) जवळजवळ प्रत्येक शस्त्र काही वारांत फुटून नाहीसे होते. केवळ नायकाची पिढीजात तलवार फुटत नाही. ती थकते आणि काही मिनिटे विसावा मागते. २०२३ च्या पुढच्या खेळात आरंभीच एका उत्पातात सगळ्या राज्यातली शस्त्रे गंजून-कुजून जातात, ती तलवारसुद्धा. या खेळातही शस्त्रे न फुटावीत म्हणून खेळाडूंनी फेरबदल केलेच. पण एकदा तसे केले की, काठी, फावडे, स्वयंपाकघरातली पळी, जे हाताला लागेल त्याने लढण्याची जी वेळ त्या कथेने नायकावर आणलेली आहे ती टळते, आणि बरोबर ते पडके राज्यही पडके वाटेनासे होते.

नाशिकच्या वाचकाला याहून जवळचा दाखला रामशेजचा. दिंडोरी तालुक्यातला हा किल्ला मुघल फौजेने १६८२ मध्ये वेढला आणि किल्ल्यातल्या मूठभर शिबंदीने तो काही वर्षे लढवला. खाफीखानाच्या फारसी इतिहासात असे वर्णन येते की, किल्ल्यात दारू होती पण लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडे पोखरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या आणि त्या डागल्या. लाकडाची तोफ फार बार सोसणार नाही हे सांगायला धातुशास्त्राची गरज नाही. तिचे आयुष्य किती, हे तिच्याशेजारी उभ्या असलेल्या गोलंदाजाइतके कोणीच जाणत नसेल. त्याच वेढ्यातली दुसरी हकिकत अशी की, वेढा कंटाळवाणा झाल्यावर एका भुताखेतांच्या जाणकाराने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग घडवून घेतला आणि तो हाती धरून फौजेच्या पुढे गडाकडे निघाला; गोफणीचा एक दगड त्याच्या छातीवर बसला, नाग हातातून गळाला आणि फौज मागे फिरली. एका बाजूला दोन-चार बारांत फाटणारी लाकडी तोफ, दुसऱ्या बाजूला कधी न झिजणारी सोन्याची मंत्रवस्तू. अद्भुताच्या अभ्यासकाने याहून चांगली मांडणी कुठे शोधावी? आणि ही मांडणी कोण्या कादंबरीकाराची नाही, शत्रुपक्षाच्या बखरकाराची आहे.

या ठिकाणी मराठी ऐतिहासिक कादंबरीविषयी थोडे कठोर बोलणे मला भाग आहे. आपल्या कादंबऱ्यांतल्या समशेरी लखलखतात, तळपतात, म्यानातून सरसर बाहेर येतात; त्या कधी खचतात का? घोड्याचा नाल निखळतो का? पावसाळ्यात तोफेचे काय होते? फार क्वचित. उलट मराठी गद्याचा ज्याला आपण आदर्श म्हणून वर्गात शिकवतो, ते रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ पाहावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या राजनीतिपर ग्रंथाचा दुर्गांविषयीचा भाग झिजेच्या काळजीने ओतप्रोत भरलेला आहे. दारू वेळोवेळी बाहेर काढून तिला ऊन दाखवावे, पावसाळ्यापूर्वी तोफांना व दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, वर आच्छादन घालावे. राज्य हे रोज थोडे थोडे गंजत असते आणि रोज थोडे थोडे राखावे लागते, ही त्या गद्याची मूळ जाणीव आहे, आणि म्हणूनच ते आजही जिवंत वाटते. ‘स्कायरिम’ आणि आपली ऐतिहासिक कादंबरी या एका बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत: दोघींतही शस्त्राला चढती कमान आहे, उतार नाही.

उतार काढून टाकला की कोण नाहीसे होते, हेही पाहिले पाहिजे. शिकलगार नाहीसा होतो. पात्याला धार लावणारा, त्यावरचा गंज उतरवणारा, ते उजळणारा हा कारागीर. त्याचे कामच मुळी झिजेवर उभे आहे. लोहार नाहीसा होतो, चर्मकार नाहीसा होतो, कासार-तांबट नाहीसे होतात. मराठीत ‘भाता’ हा शब्द बाण ठेवण्याच्या कोशालाही आहे आणि लोहाराच्या भट्टीला वारा घालणाऱ्या साधनालाही. पहिला अक्षय झाला की दुसरा हलवण्याचे कारण उरत नाही. ‘स्कायरिम’मधला लोहार खेळाडूला दोन गोष्टी शिकवतो आणि मग दुकानदार होऊन बसतो, कारण ऐरणीवर खेळाडू स्वतःच बसलेला असतो. वीराला कोणाची गरज उरत नाही. जुन्या अद्भुतकथांतला वीर इतका एकटा नव्हता.

खेळांच्या बाजूने मांडता येण्यासारखी एक अडचण खरी आहे: त्यांच्यापाशी शब्द नाहीत, एकच आकडा आहे. मराठीत मात्र झिजेला किती क्रियापदे आहेत! लोखंड गंजते, धार बोथटते, भांड्याला पोचा येतो, लाकूड कुजते, शिवण उसवते, कापड विरते. येवल्याच्या पैठणीची जर काळवंडते आणि रेशीम घडीवर तुटते. ही दोन निराळी दुखणी आहेत, उपायही निराळे. नाशिकच्या तांबट आळीच्या आणि भांडी बाजाराच्या परिसरात वाढलेल्या मनुष्याला पितळेची कल्हई गेली म्हणजे काय झाले हे सांगावे लागत नाही. भांडे तापवून, नवसागर टाकून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवेपर्यंत त्यात ताक ठेवायचे नाही, नाहीतर ते कळकते. भांड्याची झीज भांड्यावर दिसत नाही, ती ताकाच्या चवीत उतरते. ‘कळकणे’ हे क्रियापद ज्या भाषेने घडवले तिला झीज ही एका वस्तूची खाजगी बाब वाटत नव्हती. सरकारी व्यवहारालाही एका आकड्यावर भागवता येत नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि त्या चलनातून परत येतात तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लेखी मळकी नोट वेगळी आणि फाटून तुकडा गेलेली नोट वेगळी. दोघींच्या परताव्याचे नियमही वेगळे.

म्हणून मॉड लिहिणाऱ्याकडे मी गुणक बदलणारा तंत्रज्ञ म्हणून पाहत नाही, पाठसंपादक म्हणून पाहतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा शेकडो हस्तलिखितांतले पाठभेद समोर मांडले गेले. कोण्या लेखकूने एक श्लोक गाळला, कोणी एक प्रसंग घुसवला, आणि प्रत्येकाची आपली कारणे होती. मॉड हा असाच पाठभेद आहे. झीज शून्य करणाऱ्याने एक क्षेपक घातलेला आहे किंवा एक पर्व गाळलेले आहे, आणि त्याची परीक्षा त्याच कसोटीवर झाली पाहिजे: या फरकाने उरलेल्या संहितेचे काय झाले?

यावर एक आक्षेप माझ्या विद्यार्थ्यांकडून येतो आणि तो रास्त आहे. दिवसभर नोकरी किंवा अभ्यास करून रात्री तासभर खेळणाऱ्याने त्यातली वीस मिनिटे काल्पनिक ढाल ठोकत का घालवावीत? प्रत्यक्ष आयुष्यात चप्पल झिजते, दुचाकीची साखळी झिजते, ते पुरेसे नाही का? अद्भुतात निदान एक जग असे असावे, जिथे वस्तू धोका देत नाहीत. या इच्छेला मी तुच्छ मानत नाही. अक्षयपात्राची कल्पना उपाशी माणसालाच सुचलेली असणार. परंतु अक्षयपात्राची कथा सांगणाऱ्यानेसुद्धा त्याला द्रौपदीच्या जेवणाची मर्यादा घातली, हे विसरता येत नाही. मर्यादा नसती तर त्या पात्राविषयी एकदा सांगून झाल्यावर दुसरे काही सांगण्यासारखे उरलेच नसते.

मग गुणक किती असावा? माझ्यापुरते उत्तर असे. झीज दर लढाईला जाणवू नये, दर प्रवासाला जाणवावी. निघताना लख्ख असलेले शस्त्र परतताना दमलेले दिसावे, इतपत. दुरुस्ती कळ दाबून होऊ नये; ती एका ठिकाणी, एका माणसाच्या हातून व्हावी, आणि त्या माणसाला कधी वेळ नसावा, कधी त्याच्याकडे कोळसा नसावा. मंत्रसिद्ध शस्त्रांना सरसकट सूट देऊ नये. ‘डायब्लो २’ने (२०००) एक सुंदर युक्ती केली होती: काही शस्त्रे अधिक घातक, पण आयुष्य निम्मे, आणि दुरुस्ती मुळीच नाही. कर्णाची शक्ती या वर्गातली. असे शस्त्र हाती आले की खेळाडू ते वापरण्यापूर्वी विचार करतो, कोणासाठी राखावे हे ठरवतो, आणि बहुधा चुकीच्या शत्रूवर खर्च करून पस्तावतो. ‘फॉलआउट ३’मधली (२००८) रीतही मला मान्य आहे. तिथे एक बंदूक नीट करायची तर तशीच दुसरी बंदूक मोडावी लागते. जग उद्ध्वस्त झालेले आहे आणि नवे काही बनत नाही, हे त्या एका नियमात इतके नेमके सांगितले आहे की पात्रांच्या तोंडी त्यावर भाषणे घालण्याची गरज पडत नाही.

‘ऑब्लिव्हियन’ २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा निर्मात्यांनी त्यात बरेच बदलले. पण झीज आणि दुरुस्तीचे हातोडे त्यांनी ठेवले, याचे मला समाधान वाटले. त्या खेळाच्या मूळ रचनेत शस्त्र नीट करताना हातोडाच तुटतो. सराव वाढत जातो तसे हातोडे अधिक टिकतात, पन्नासाव्या पायरीवर मंत्रसिद्ध शस्त्रेही हाताळता येतात, आणि शंभराव्या पायरीवर हातोडा तुटणे कायमचे थांबते. त्या खेळासाठी कोणी मॉड लिहिणार असेल, तर माझी एकच सूचना आहे: तेवढी ती शंभरावी पायरी काढून टाकावी.